दुरुस्तीसह मंजूर

“विहीर काढा,” आगटे सर म्हणाले.

मी लाल पेन्सिल उचलली. “काढून काय घालू, सर?”

“नदी घाला. लोकगीतात नदी चालते. विहीर म्हटलं की ती कुणाची, कुणी बांधली, कुणाला पाणी भरू देतात, नाही नाही ते फाटे फुटतात. नदीचं तसं नसतं.”

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आमची छाननी समिती बसली होती. बहात्तरचा दुष्काळ कसाबसा सरला होता आणि जनतेचं मन रमावं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी लोककला महोत्सव भरायचा होता. खेडोपाडीच्या कलावंतांनी आपली गाणी आधी कागदावर लिहून धाडायची, समितीनं ती वाचायची आणि नको ते खोडायचं, असा नियम होता. समिती दोघांची. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आगटे. लोकगीतांवर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि जन्मात कधी मातीत मांडी घालून गाणं ऐकलं नव्हतं. उंटावरचे शहाणे मी पुढं पुष्कळ पाहिले, पण उंटावरून उतरायचा जिनाच काढून टाकलेला हा एकटाच. दुसरे सभासद जगदाळे. ह्यांना गाण्यातलं काय कळत होतं ते देव जाणे, पण तालुक्यातली निम्मी गावं त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची होती, तेवढी पात्रता पुरली.

आणि मी. कचेरीत हंगामी कारकून, पंचवीस वर्षांचा, समितीचा लेखनिक. महोत्सव पार पडला की आगटे सर माझ्या कायम नेमणुकीसाठी शिफारस लिहिणार होते. तसं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं, म्हणजे मी दोन्ही वेळा जास्तच वाकलो असणार.

“पुढं वाचा,” जगदाळे म्हणाले. त्यांचा चेहरा आधीच आंबला होता.

मी वाचलं. कुरणवाडीच्या केरबा मान्याचं गाणं होतं. त्याला अक्षरओळख नव्हती, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

चैताचं ऊन बाई, कुरणवाडीच्या माळाला,
कौसा गेली पाण्याला, सरकारी विहिरीला,
दगुड आला पाठीत, कौसा गेली तळाला.

“हे गाणं आहे की फिर्याद?” जगदाळे म्हणाले. “पाय घसरून पडली ती बाई. पंचनामा झालाय. मी स्वतः पाहिलाय.”

पंचनामा त्यांनी पाहिलाच असणार, कारण कुरणवाडीचा पाटील त्यांचा साडू होता.

आगटे सरांनी चष्मा काढून पुसला. “पंचनाम्याचा प्रश्न नाही हो, जगदाळे. प्रश्न शास्त्राचा आहे. लोकगीतात व्यक्तीचं नाव येतच नाही. लोकगीत हे समूहाचं असतं. ‘कौसा’ कोण? उद्या कुणी विचारलं तर?”

कोण ते मी सांगू शकलो असतो.

केरबा माने माझा सख्खा चुलता. आम्ही त्याला नाना म्हणायचो. कौसाक्का त्याची लेक. माझा बाप मी पोटात असतानाच गेला, आई माझ्या चौथ्या वर्षी, आणि मला वाढवलं ते कौसाक्कानं. कुरणवाडीच्या मांगवाड्यातून शाळेपर्यंत ती मला कडेवर घेऊन जायची आणि शाळा सुटेतोवर बाहेर बाभळीखाली बसून राहायची. घरी आलो की चुलीतली राख फरशीवर पसरून मी तिला शिकवलेलं दाखवायचो. ती दोनच अक्षरं शिकली, स्वतःच्या नावापुरती. नवऱ्यानं टाकली तेव्हा ती परत बापाच्या घरी आली आणि चैत्रात, टँकर दोन दिवस आला नाही म्हणून, नव्या सरकारी विहिरीवर गेली. विहीर सगळ्यांसाठी आहे, असं तिथल्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी तिला वाचता आली नसणार, पण कुणीतरी वाचून दाखवली असेल.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी कधी खोटं बोललो नाही, हे माझं त्या वेळचं आवडतं समाधान. आडनाव माने. हे आडनाव मराठ्यांत आहे, मांगांतही आहे. पहिल्याच दिवशी जगदाळ्यांनी विचारलं होतं, “म्हसवडच्या मान्यांपैकी का?” मी नुसता हसलो. त्यांनी लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पानाचा डबा पुढं केला. राखीव जागेचा अर्ज मी भरला नव्हता, पत्ता तालुक्याच्या वसतिगृहाचा दिला होता. कौसाक्काच्या मयतालाही गेलो नव्हतो. रजा मागितली असती तर कारण लिहावं लागलं असतं.

“रद्दच करा हे,” जगदाळे म्हणाले.

“रद्द नको,” आगटे सर म्हणाले. “पाहुण्यांना त्या समाजाचा एक तरी कलावंत दाखवायचा आहे. वरून तशी सूचना आहे. दुरुस्त करू. माने, तुम्हाला काही सुचतंय?”

इथं मी ‘नाही सुचत’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणी मला फाशी देणार नव्हतं. पण मला हुशारी दाखवायची होती. चाल न मोडता शब्द बसवायची मला लहानपणापासून सवय, नानाच्याच मांडीवर लागलेली. मी दोन मिनिटं विचार केला आणि लिहून वाचून दाखवलं.

चैताचं ऊन बाई, हिरव्या हिरव्या माळाला,
सखू गेली पाण्याला, नदीच्या काठाला,
वारा आला अवखळ, घागर गेली तळाला.

“वा,” आगटे सर म्हणाले. “काय गोडवा आला बघा. हे खरं लोकगीत.”

चैत्राच्या उन्हात, दुष्काळात, हिरवा माळ. आणि बाईऐवजी घागर बुडवली मी. जगदाळ्यांचा चेहराही सैलावला. मी कागदावर ‘कौसा’ ह्या दोन अक्षरांवर दोनदा आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘दुरुस्तीसह मंजूर’. माझं अक्षर त्या काळी फार सुंदर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केरबानानाला बोलावलं होतं. दुरुस्ती समजावून सांगायची आणि हमीपत्रावर अंगठा घ्यायचा, एवढंच काम. तो काखेत हलगी घेऊन दारात उभा राहिला. सात वर्षांनी मी त्याला पाहत होतो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, बाकी तसाच, ताठ. त्यानं आगटे सरांना रामराम केला, जगदाळ्यांना केला, मग माझ्याकडं पाहिलं. मी कागदात मान घातली.

“रामराम, साहेब,” तो मला म्हणाला.

“या, बसा,” आगटे सर म्हणाले. त्यांनी बोट खुर्चीकडं केलं नाही, हवेतच कुठंतरी फिरवलं. नाना उभाच राहिला.

“तुमचं गाणं छान आहे हो. फक्त थोडं नीटनेटकं केलं. माने, वाचून दाखवा.”

मी वाचलं. घागर तळाला गेली तिथं थांबलो. नाना ऐकत होता, एक कान पुढं करून, झीलकऱ्याचा सूर तपासायचा तसा.

“चालीत चपखल बसलंय,” तो म्हणाला. “ह्ये कुणी बशिवलं?”

“ह्या माने साहेबांनी,” आगटे सर कौतुकानं म्हणाले. “घराणंच मोठं, पण लोककलेची जाण बघा कशी आहे.”

“दिसतीया खरी,” नाना म्हणाला. “आन् साहेब, घागर सापडली का पुढं?”

“कुठली घागर?”

“ही तळाला गेलेली.”

आगटे सर मनापासून हसले. “अहो, गाण्यातली घागर ती!”

“आस्सं,” नाना म्हणाला. त्यानं काखेतली हलगी पुढं घेतली. मग म्हणाला, “म्या म्हातारा झालो. नवं शबूद ह्या तोंडात बसायचं न्हाईत. गाणं ऱ्हाऊ द्या. नुस्ती हलगी वाजवतो. त्यात काय खोडायचं आसलं तर आत्ताच सांगा.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. “हलगीत काय खोडणार!” आगटे सर म्हणाले. “हलगीला कुठं शब्द असतात? उलट बरंच झालं. पाहुणे आले की वाजवत पुढं चाला.”

जगदाळे तेवढ्यावर सोडणारे नव्हते. “पण ऐक, त्या बाईचं नाव तोंडातून निघालं तर जागच्या जागी पोलिसांच्या ताब्यात देईन.”

“न्हाई निघायचं,” नाना म्हणाला. “लेकीची आन.”

अंगठा घ्यायचा राहिला म्हणून मी व्हरांड्यात त्याच्या मागं गेलो. खरं तर मला त्याला एकटं गाठायचं होतं. शाईचा डबा पुढं धरून मी हळूच म्हणालो, “नाना.”

त्यानं अंगठा शाईत बुडवला. “कुठं उठवू?”

“नाना, माझी नोकरी पक्की व्हायची आहे. एक महिना, फार तर दोन. मग मी येतो गावाकडं. सगळं सांगतो.”

“नोकरी म्हंजी लय मोठी गोष्ट, साहेब.”

“यांना कळलं तर...”

“काय कळायचं? म्या काय तुमास्नी वळखतो व्हय?” त्यानं कागदावर अंगठा दाबला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्याकडं सरळ पाहिलं. “तिच्या मयताला तुमची वाट बघितली, साहेब. ऊन लई हुतं. मग म्हनलं, किती येळ ठिवायची.”

तो पायऱ्या उतरून गेला. मला आधी काय वाटलं असेल तर सुटलो असं वाटलं. लाज नंतर वाटली, संध्याकाळी वगैरे, आणि तीही बेतानंच.

महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. पुढं सोफे, त्यामागं खुर्च्या, मग एक जाड दोर आणि दोराच्या पलीकडं जमिनीवर खेड्यांतून आणलेली माणसं. ती अशी आपोआप बसली, असं आगटे सर म्हणाले. चार वाजता पाहुणे गाडीतून उतरले. कुणी उपमंत्री होते, नाव सांगून त्यांना आणखी मोठं करत नाही. त्यांच्यापुढं आगटे सर, जगदाळे, गळ्यांत हार, आणि सगळ्यांच्या पुढं हलगी घेतलेला नाना. मी फाइल घेऊन बाजूनं चालत होतो.

हलगी वाजवायच्या आधी ती जाळावर शेकतात. कातडं तापून ताणलं की मग ती खणखणते. मैदानाच्या कडेला बाकीच्या वाजवणाऱ्यांनी पाचट पेटवलं होतं, पण नाना त्या जाळाकडं फिरकला नव्हता. त्यानं गार हलगीवर टिपरू टाकलं आणि आवाज उमटला तो बसका, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दोन जुळे ठोके. मग पुन्हा एक.

ही मयताची हलगी होती. आमच्यात तिरडी उचलल्यापासून खड्ड्यापर्यंत हीच वाजते, आणि मुद्दाम न शेकता वाजते.

“आवाज जरा बसलाय का हो?” आगटे सरांनी मला विचारलं.

“थंडीनं होतं असं, सर,” मी म्हणालो.

दोराच्या पलीकडं माणसं उठून उभी राहायला लागली. पुरुषांनी टोप्या, पटके उतरवले. बायांनी पदर डोक्यावरून पुढं ओढले. सगळीकडं शांत झालं. उपमंत्र्यांना वाटलं हा आपला मान. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डावीकडं, उजवीकडं वाकत, अगदी संथ पावलांनी, त्या ठोक्याच्या चालीवर स्वतःच्या अंत्ययात्रेत चालायला लागले. मागं आगटे सर डोळे मिटून मान डोलवत होते. “ही लय,” ते मला म्हणाले, “ही शेतकऱ्याच्या नांगरटीची लय आहे. मी लिहिलंय ह्यावर.” जगदाळ्यांनी हारातलं एक फूल काढून हुंगलं.

खरं सांगतो, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. आतल्या आत हसून माझ्या बरगड्या दुखल्या. पुस्तकवाले, पंचनामेवाले, गाडीवाले, सगळ्यांना हा म्हातारा भर दिवसा खांद्यावर घेऊन निघाला होता आणि ते हात हलवत होते. तुम्ही शब्द खोडलेत ना, घ्या आता. मला नानाचा अभिमान वाटला. त्याच्या बाजूला मीही उभा आहे, असं वाटलं. फाइल काखेत घेऊन असं वाटून घ्यायला काय जातं.

मंचासमोर नाना थांबला. आमच्यात खड्ड्यापाशी हलगी थांबते, वाजवणारा गेलेल्याचं नाव पुकारतो, बापाचं नाव, गावाचं नाव, आणि मग माती देतात. नानासमोर ध्वनिक्षेपकाचा खांब होता. तो त्याच्याजवळ गेला. जगदाळे ताडकन पुढं झाले. त्यांना कौसाच्या नावाची धास्ती. मलाही तीच होती, आणि थोडी हावही होती, की घ्यावं त्यानं तिचं नाव एकदा सगळ्यांसमोर.

नानानं माझ्याकडं पाहिलं. परवा व्हरांड्यात पाहिलं होतं तसंच.

“दिनकर,” तो म्हणाला. भोंग्यांतून ते चारी बाजूंना गेलं. “दिनकर सखाराम माने. मुक्काम कुरणवाडी.”

दोराच्या पलीकडं कुरणवाडीची बैलगाडीभर माणसं होती. ती खाली वाकली. बाकीच्या गावची, मला न ओळखणारी माणसंही वाकली, कारण नाव पुकारल्यावर ओळख विचारत नाहीत. प्रत्येकानं चिमूटभर माती उचलली आणि समोर टाकली. दोन-तीनशे हातांतून माती पडली. आवाज काही झाला नाही.

“काय हे मातीवरचं प्रेम,” आगटे सरांना गहिवरून आलं. पुढं भाषणात त्यांनी ह्या दृश्यावर दहा मिनिटं खर्च केली.

जगदाळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. “बघा माने, तुमचे आभार मानले त्यानं. ह्या लोकांना जाणीव असते हो, कुणी चार शब्द गोड बोललं की.”

माझ्या बापाचं नाव ह्या माणसाला कसं ठाऊक, असं आता कुणीतरी विचारणार म्हणून मी थांबलो. कुरणवाडी कुणाची, असं विचारणार म्हणून थांबलो. एवढी शिकलेली, पदांवर बसलेली माणसं होती, एकालाही प्रश्न पडला नाही. कुरणवाडी हे त्यानं स्वतःचं गाव सांगितलं, असं त्यांनी धरून घेतलं. विचारलं असतं तर मी त्या दिवशी खरं बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगत नाही.

नाना माझ्याजवळून गेला. मी त्याच्या वाटेतच उभा होतो. रिकाम्या जागेतून जावं तसा तो गेला, त्याच्या बाहीचा वारा मला लागला. कुरणवाडीची गाडी जुंपली गेली. मी त्या गाडीमागं धावलो नाही. संध्याकाळच्या चहाची व्यवस्था माझ्याकडं होती.

महिन्याभरात कायमचा हुकूम आला. तीस वर्षं नोकरी केली, साहेब झालो, किती तरी गाणी दुरुस्त केली. आगटे सरांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत माझी घागर छापून आली, ‘पारंपरिक, कुरणवाडी परिसर’ म्हणून. शाळेतल्या मुलींनी ती स्नेहसंमेलनांत नाचवली.

निवृत्त झाल्यावर एकदा मी कुरणवाडीला गेलो. नानाचं घर आता सिमेंटचं होतं. ओट्यावर काकू बसली होती, नानाची बायको, कौसाक्काची आई. डोळ्यांत सायीसारखे पडदे आलेले. नाना जाऊन अकरा वर्षं झाली होती. मला कुणी कळवलं नव्हतं आणि कळवायचं काही कारणही नव्हतं.

“कोन हाय?” काकू म्हणाली.

मी चप्पल काढून खाली बसलो. “काकू, दिनकर...” एवढंच निघालं.

“दिनकर?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. “त्यो दुष्काळाच्या साली गेला की. आमच्या मालकांनी हलगी वाजवली त्याची. तुमी त्याच्या हापिसातलं का?”

आत कुणीतरी भांडी घासत होतं. नाव पुन्हा सांगावं, हात धरावा, राखेतली अक्षरं सांगावीत, सगळं ओठांपर्यंत आलं.

“हो,” मी म्हणालो. “हापिसातलाच.”